एका माणसाची गाडी

जाऊ माझ्यापेक्षा धाकटी. आमच्या घरात धाकटीला सगळं मोठीच्या मागून मिळायचं. कासार दारात आला की आधी माझ्या हातात बांगड्या, मग तिच्या. गाय व्याली तर खरवस आधी माझ्या वाटीत. सासूबाई म्हणायच्या, "मान उलटा झाला की घर उलटं होतं." त्यांचा हा नेम मोडला तो अशा एका गाडीनं, जिच्यात एकच माणूस बसतो.

आमचे हे परतूरला वेल्डिंगचं काम करायचे. हात चांगला म्हणून एका ओळखीच्या माणसानं त्यांना मद्रासला नेलं. तिथं शर्यतीच्या गाड्यांचं गॅरेज होतं. बुटक्या गाड्या, चाकं उघडी, वर छप्पर नाही, आत एकच सीट. शर्यतीत नव्यानं उतरणारा माणूस पहिल्यांदा याच वर्गातल्या गाडीत बसतो, असं हे सांगायचे. पुढं ह्यांनी धाकट्या भावालाही तिथं लावून दिलं. एका गाडीमालकाचा मुलगा शर्यती शिकायला इंग्लंडला निघाला, तेव्हा त्यानं धाकट्याला सोबत नेलं, कारण त्याला थोडं इंग्रजी येत होतं. वर्षभरात जाऊही गेली. ती समुद्रापलीकडं, आणि मी मद्राससुद्धा पाहिलेलं नाही.

मला घेऊन चला, असं मी ह्यांना एकदा म्हटलं होतं. "तिथं बायकांचं काम न्हाई. सगळे गडी राहतेत. तुला कुठं ठेवू?" दुसऱ्यांदा विचारलं नाही. माझा स्वभावच तसा. चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही गुरुजींनी विचारलेल्याचं उत्तर येत असून मी उभी राहायची नाही. हे दिवाळीला यायचे आणि चार दिवसांनी जायचे. लेकरू नाही म्हणून बाया मलाच बोलायच्या.

नव्वदच्या पुढची एक दिवाळी. दोघं भाऊ एकदम घरी आले. जाऊ उजळली होती. बोटाएवढ्या बाटलीतलं अत्तर लावून चुलीपुढं बसली. तिच्या हातची चकली तेलात फुटली तेव्हा मला बरं वाटलं. पण तिला काहीच वाटलं नाही, ती हसली. "ताई, आमच्या गाडीचं काय सांगू तुम्हाला," म्हणाली. आमच्या गाडीचं! माझ्या नवऱ्याचे हात त्याच जातीच्या गाडीवर काळे होत होते, पण आमची गाडी असं म्हणायचं मला कधी सुचलं नव्हतं.

ओसरीवर भावाभावांचं तेच चाललेलं. मी दाराआड फराळाची ताटं भरत ऐकत होते.

"दादा, तुमच्या गाडीला इंजिन कोणतं सध्या?"

"तेच. घरगुती लहान गाडीतलं. दुसरं मिळतंय कुठं?"

"तिकडं मोठं राहतंय. टायर मात्र नक्षीचंच. दुसऱ्या एका देशात गुळगुळीत टायर चालतेत. नाव एक, वर्ग एक, अन देश बदलला की नियम बदलला."

आमच्या महालक्ष्म्यांसारखंच की, मला वाटलं. कुणाकडे मुखवट्याच्या, कुणाकडे खड्यांच्या, कुणाकडे धान्याच्या राशीवरच्या. म्हणायचं सगळ्यांना महालक्ष्म्याच.

"तिकडं ह्या गाडीत मिसरूड न फुटलेले पोरं बसतेत," धाकटा म्हणाला. "तिकडची ही बिलकुल पहिलीच इयत्ता. दोन वर्षांत वरच्या वर्गात."

"अन इथं हीच पहिली अन हीच शेवटची," हे म्हणाले. "वरचा वर्ग हाय कुठं आपल्याकडं?"

ह्यांचा आवाज पडला होता. मला वाटायचं या घरात जळणारी मी एकटीच.

तेवढ्यात जावेनं फोटो काढून सासूबाईंच्या हातात दिला. ती त्या गाडीत बसलेली. साडीवर स्वेटर, पदर खोचलेला, तोंडभर हसू. शर्यत संपली की तिकडं घरच्या बायकापोरांना हौसेनं बसवतात म्हणे.

सासूबाईंनी फोटो उजेडाला धरला. "अन नवरा कुठं बसलाय?"

"एकाच माणसाची गाडी हाय ती, आत्याबाई."

"थोरल्याकडं बी हीच?"

"हीच. जराशी वेगळी."

सासूबाई ह्यांच्याकडं वळल्या. "मंग मोठी कधी बसली?"

"आई, तिथं बाया येत न्हाईत."

"दादा, काय बोलून राह्यले?" धाकटा हसत म्हणाला. "मद्रासला मालकीणबाई तर दर शर्यतीला छत्री घेऊन यायच्या की. सोबत मैत्रिणी."

हे खाली बघू लागले. माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. तोवर मी जावेवर जळत होते. आता त्या छत्रीवाल्या बायांवर जळू लागले. त्यांना जागा होती. जागा नव्हती ती मला.

"धाकटी बसली अन मोठी न्हाई? हिला घेऊन जा. बसव," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ती काय बैलगाडी हाय?"

"चाकं चारच हायत ना? मंग! मोठीला बसवल्याबिगर तोंड दाखवू नको."

ह्यांनी मला नेलं. माझं परतीचं तिकीट आधीच काढून ठेवलं, आठ दिवसांनंतरचं. गॅरेजच्या शेजाऱ्याच्या ओळखीनं एक खोली घेतली, तीही आठ दिवसांपुरतीच.

गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड. आत गेल्यावर पहिला चटका बसला तो ह्यांच्या बोलण्याचा. हे तमिळ बोलत होते, भराभर, हसत हसत. घरी हो-नाही करणारा माणूस इथं सगळ्यांची मस्करी करत होता. कुणीतरी चहा आणला तर ह्यांनी आधी गाडीच्या नाकावरचा डाग फडक्यानं पुसला, मग कप घेतला. इतक्या हलक्या हातानं ह्यांनी कशालाही हात लावलेला मी पाहिला नव्हता.

"बस," हे म्हणाले.

लुगडं सावरत आत उतरायचं म्हणजे परीक्षाच. सीट गाडी चालवणाऱ्याच्या अंगाच्या मापाची. माझी पाठ तिच्यात कुठंच बसेना. जात्यावर बसल्यासारखे पाय लांब केले तरी खाली काही लागेना. हे वाकून आतला एकेक भाग दाखवू लागले. "धाकट्याच्या गाडीत हे असं नसतंय. तिकडं जोर जादा. पण आपली वळणावर बघावी."

आपली म्हणाले. मला म्हणाले की गाडीला, कोण जाणे.

"चालू करा ना," मी म्हटलं.

त्यांनी केली. पाठीमागून अशी घरघर उठली की माझे दात वाजले. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून मी बोलून टाकलं, "मी परत जाणार न्हाई."

ह्यांनी इंजिन बंद केलं. "काय म्हणलीस?"

शेडमधले सगळे गडी थांबून बघायला लागले. शाळेत उत्तर येत असून मी उभी राहायची नाही. इथं उभं राहायची सोयच नव्हती, गाडीनं मला कंबरेपासून धरलेलं.

"मी परत जाणार न्हाई. तिकीट रद्द करा."

हे फडक्यानं हात पुसत राहिले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"आईचं कसं?"

"त्यांनीच पाठवलंय."

"इथं ज्वारी मिळत न्हाई."

"तांदूळ तर मिळतो."

ह्यांनी एका गड्याकडं वळून तमिळमध्ये काहीतरी म्हटलं. तो हसला.

"काय म्हणले त्याला?"

"मोठी खोली बघ म्हणलं."

मी मद्रासला राहिले. भाताची सवय झाली, थोडं तमिळही आलं. धाकटा तिकडं वरच्या वर्गाच्या गाड्यांवर गेला. आमचे हे त्या पहिल्याच वर्गात राहिले.

परतूरच्या घरी जावेचा तो फोटो अजून भिंतीवर आहे. मी बसले तेव्हा शेडमध्ये कुणाकडं कॅमेरा नव्हता. गावी गेले की मी आधी त्या फोटोकडं बघते, आणि अजून जळते.