परतीची बोली

सन दोन हजार बारा. मला एकसष्टावं वरीस लागलं होतं. त्या साली पावसानं दडी मारली, चारा मिळंना, म्हणून पाचोडच्या बाजारात सगळी मेंढरं विकली आणि बायकोला घेऊन शहरात आलो. पडेगावच्या पुढं पत्र्याच्या खोल्यांची एक लाइन होती, तिथं राहिलो. माझी शाळा दुसरीपर्यंत. सही येते. वाचताबी येतं, पण अक्षर मोठं लागतं.

शहर तेव्हा चौफेर वाढत होतं. आमची पिंपं कोरडी, आणि समोर प्लॉटिंगवाल्यांच्या नव्या भिंतींवर टँकर रिकामे व्हायचे. बायकोचा दिवस जात नव्हता. जी जन्मभर कळपामागं चालली, तिनं पत्र्याखाली बसून करायचं काय? तेवढ्यात दारात छत्रीवाला आला.

छत्री म्हणजे टीव्हीची. परातीसारखी असते, छपरावर लावायची. माणूस तिशीतला, कन्नडकडचा, बोलणं आपल्यातलं. म्हणाला, "बाबा, छत्री फुकट. महिन्याच्या महिन्याला थोडं भरायचं, बस्स."

मी म्हणालो, "परतीच्या बोलीवर देतो का?"

आमच्या बाजाराची रीत सांगतो. जनावर घेताना बोली होते. घेणारा म्हणतो, परतीच्या बोलीवर नेतो. मग घरी नेल्यावर जनावर खाईना, चालंना, तर पुढच्या बाजारी आणून ज्याचं त्याच्या दावणीला बांधायचं. विकणारा खळखळ करत नाय. लिहिणं नाय, साक्षीदार नाय. ज्यानं बोली मोडली, त्याच्या जनावरापुढं परत कुणी उभं राहत नाय.

छत्रीवाला हसला. "व्हय बाबा, परतीच्या बोलीवर. नको झाली की आणून टाका दुकानात."

त्याला शब्द ठाऊक होता. शहरातल्या माणसानं विचारलं असतं, बोली म्हंजी काय? यानं विचारलं नाय. तिथंच माझा भरवसा बसला. सही केली. कागदावरची अक्षरं गोचिडीपेक्षा बारीक. गोचीड निदान बोटाला तरी लागते.

शेजारच्या खोलीत एक बाई एकटी राहायची. नवरा वारलेला, दारावर निळा झेंडा, नर्सरीत रोपांना पाणी घालायच्या कामावर जायची. ती दारातून सगळं बघत होती. म्हणाली, "मामा, मीबी घेऊ का? फसवणार तर नाय ना?"

"घे बिनघोर. परतीची बोली झालीय. मी केलीय."

त्या दिवशी लाइनीत दोन छत्र्या चढल्या.

उन्हाळा तोंडावर आला आणि नर्सरीचा बोअर आटला. पाणी नाय तर रोपं कशाची? बाईचं काम गेलं. ती म्हणाली, "मामा, आता ही छत्री झेपत नाय. परत करू या."

"करू की. त्यात काय."

मी स्वतः पत्र्यावर चढलो, तिची छत्री सोडवली, खांद्यावर घेतली आणि शहागंजाकडं निघालो. वाटेत एक रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, "चाचा, छत्री लेके निकले? बारिश किधर है?"

"तेरे गाँव में," मी म्हणालो. तवर मला हसू येत होतं.

दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. संगणकात बघून म्हणाली, "बाबा, वर्षाचं बंधन आहे. आत्ता बंद केलं तरी उरलेल्या महिन्यांचे हप्ते भरावेच लागतील. आणि छत्री आम्ही परत घेत नाही."

"पण बोली झालीय."

"कसली बोली?"

"परतीची."

"ते कुठं लिहिलंय?"

"बोली लिहितात का, पोरी? लिहिली तर ती बोली कशाची?"

मागं उभी असलेली माणसं खो-खो हसली. मुलीला दया आली म्हणा की कटकट नको वाटली म्हणा, तिनं छत्रीवाल्याला फोन लावून माझ्या हातात दिला. त्यानं माझा आवाज ओळखला. म्हणाला, "बाबा, बोली म्हंजी बोलायची गोष्ट. बोललो. आता सही कुणाची हाय ते बघा की."

दलालांनी मला जन्मभर फसवलं. त्याचं दुःख नाय, त्यांचा धंदाच तो. त्यांनी त्यांच्या भाषेत फसवलं. यानं माझ्याच तोंडातला शब्द उचलला, त्याचा फास केला आणि माझ्याच गळ्यात घातला. हे मी आजवर गिळलेलं नाय.

छत्री परत खांद्यावर आलेली बघून बाई काय ते समजली. रडली नाय, भांडली नाय. "मामा, मी तुमच्या शब्दावर घेतली होती," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

बायकोनं मात्र सोडलं नाय. "मेंढीचे दात बघून वय सांगता. त्या माणसानं तोंड उघडलं तवा काय बघत होता?" मग जरा नरमली. "चूक झाली म्हणा तिला, आन् सोडून द्या."

चूक कसली? बोली मी केली ती खरी होती. मोडली त्यानं. पण बाईनं त्याच्याशी बोली केलीच नव्हती, माझ्याशी केली होती. तिच्या लेखी विकणारा मी. मग जनावर माझ्याच दावणीला परत यायला पाहिजे. मी उठलो आणि तिच्या बंद दाराबाहेर उभं राहून सांगितलं, "छत्री मी परत घेतली गं. राहिलेले हप्ते आता माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मजुरांच्या नाक्यावर जाऊन उभा राहिलो. जन्मभर मी बाजारात जनावरं उभी केली, गिऱ्हाइकानं त्यांची पाठ चाचपलेली बघितली. त्या दिवशी मीच उभा. प्लॉटिंगवाल्यांचा मुकादम आला. माझा दंड बघून म्हणाला, "बाबा, वय झालं तुमचं. खोदाई जमंल का?"

"घेऊन जा. संध्याकाळपर्यंत बघ. नाय जमलं तर इथंच आणून सोड. परतीची बोली."

"बोली म्हणजे?" त्यानं विचारलं.

मी पटका घट्ट केला आणि त्याच्या टेम्पोत चढलो.