गाडी सुनेचं ऐकते

मंडळी, आज मी चक्क सुनेवर जळलो.

माझी विलायती मोटार पन्नासच्या दशकातली. रोज चोक ओढून, हँडल मारून ती सुरू करायला मला पंधरा मिनिटं लागतात. आज गुडघा आखडला, म्हणून थेरगावच्या बाजाराला सून निघाली. पहिल्याच हँडलला गाडी सुरू.

"अण्णा, तुम्ही चोक फार ओढता," ती म्हणाली.

बायको हसली, "गाडीसुद्धा तुमच्या कटकटीला कंटाळली."

सगळी गल्ली म्हणायची, ही गाडी फक्त अण्णांचं ऐकते. आता सून उद्या तीच चाकणला कंपनीत नेणार म्हणते. मी खोटंच सांगितलं, ब्रेक बिघडलेत. तिने लगेच देहूरोडच्या मेकॅनिकला फोन केला.

सकाळी तो येईल. त्याला काय दाखवू, सांगा.