काकूंची खेळी

टुर्म सर प्यादं उचलायचे, "बाउअर" म्हणायचे आणि थांबायचे. कुणीतरी आता उत्तर देणार, अशा बेताने. मग पंच्याने ते पुसून जागच्या जागी ठेवायचे, घोडा उचलायचे, "श्प्रिंगर" म्हणायचे आणि पुन्हा थांबायचे. खोलीत उत्तर देणारं कुणीच नसायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सरसरून काटा आला होता, खोटं कशाला बोलू!

सातपूरला नवे कारखाने उभे राहत होते ते दिवस. आमच्या कारखान्यात जर्मन मशिनं आली आणि ज्याला जर्मन येईल त्याला तिकडे पाठवणार, अशी आवई उठली. मग काय, आम्ही लेथवरचे तिघं-चौघं पहिली पाळी सुटली की सायकली हाणत गंगापूर रोडला सरांच्या घरी. सर कॉलेजात जर्मन शिकवून निवृत्त झालेले. उंच, ताठ, एकदा उभे राहिले की हलायचे नाहीत. जर्मन लोक बुद्धिबळातल्या हत्तीला टुर्म म्हणतात, म्हणजे बुरूज. आम्ही त्यांचं नावच ते पाडलं. कानावर गेल्यावर म्हणाले, "बरंय. लॉयफर नाही म्हणालात हे नशीब." लॉयफर म्हणजे पळणारा, आपला उंट.

भाषा शिकवायची त्यांची तऱ्हा ही अशी, पटावरून. "आपल्या उंटाला फ्रेंच माणूस वेडा विदूषक म्हणतो. रशियन त्यालाच हत्ती म्हणतो, आणि आपला हत्ती त्याच्याकडे होडी. आता बोला!" बाउअर म्हणजे शेतकरी हे कळल्यावर देवळ्याचा आमचा निंबा हसत सुटला. "सर, हे तर आमचं आबा हाय! पुढं जायचं, मागं फिरायचं नाय." सरही खूप हसले त्या दिवशी.

हा झाला शिकवायचा पट. दुसरा पट खिडकीपाशी असायचा, दुधावर घालतात तसल्या जाळीच्या झाकणाखाली, आणि त्याच्यावर अर्धवट राहिलेला डाव. सर आणि काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, रोज खेळायचे, आम्ही तिथे जायला लागायच्या आधी. काकूंनी जर्मन शिकायला साफ नकार दिलेला. सोंगट्या मांडताना सर "टुर्म" म्हणाले की त्या ठसक्यात "हत्ती" म्हणणार, "डामे" म्हणाले की "वजीर". जन्मभर हा लाडाचा वाद. एकदा काकूंची खेळी होती. पोटात दुखतंय म्हणून उठल्या, दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून सरांनी डाव मोडला नव्हता. "खेळी तिची आहे," एवढंच म्हणायचे, आणि रोज सोंगट्या पुसताना तिच्या उत्तरासाठी थांबायचे.

एका संध्याकाळी सर "टुर्म" म्हणून थांबले आणि निंबा सहज बोलून गेला, "हत्ती." सर पांढरेफटक पडले. आधी दाराकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. मग निंबाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तेवढी जागा मोकळी राहू दे बाबा. ती येईल, आणि तिच्या आधी कुणीतरी बोललेलं असेल." पुढच्या आठवड्यापासून निंबा यायचाच बंद झाला.

जर्मनीला आमच्यातलं कुणीच गेलं नाही. शिकवणी संपली, पण मी रविवारचा जात राहिलो. सर थकत चालले होते. मुलगा पुण्याहून न्यायला आला, तर हट्टाला पेटले. "तिकडे तिला घर सापडायचं नाही." तो गेल्यावर मला म्हणाले, "एकदाच ऐकू आलं ना, की मी मोकळा." मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. लेथवर आयुष्य गेलं माझं. पण त्या दिवशी देवाला म्हटलं, ऐकव रे एकदा म्हाताऱ्याला. नाही ऐकवलं. त्याच थंडीत सर गेले. शेवटच्या सकाळी मी तिथेच होतो. वजीर हातात धरून "डामे" म्हणाले आणि कितीतरी वेळ कान देऊन बसले. माझा फार जीव तुटला हो.

पट माझ्याकडे आला. सरांनी मुलाला तसं सांगून ठेवलं होतं. डाव मला तोंडपाठ होता, घरी आणून तसाच मांडला, वर जाळी घातली. बायको कुरकुरली. तिने सरांना पाहिलं नव्हतं, काकूंना तर मीही नाही. म्हणाली, "गेलेल्या माणसांचा डाव कशाला हवा घरात?" तिचंही खरंच होतं. मी सोंगट्या पुसायचो, पण मुकाट्याने. सरांसारखी नावं घ्यायची माझी छाती नव्हती.

असाच एका रविवारी टळटळीत दुपारी पुसायला बसलो. हत्ती उचलला.

"टुर्म."

माझं तोंड मिटलेलं होतं. हात तसाच राहिला. आणि त्या आवाजाला थांबावंही लागलं नाही. लगेच, ठसक्यात, खिडकीपाशीच कुणीतरी म्हणालं, "हत्ती."

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, "अहो, कोण आलंय? बाईंचा आवाज आला. दोघांना चहा टाकू का?"

हत्ती जागच्या जागी ठेवला. कसंबसं म्हटलं, "टाक."