नको म्हणायची जागा

मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात जिलेबीचं ताट घेतलेला हात माझ्या पानाशी आला, थबकला आणि पुढे गेला.

एके काळी मी पंगतीला बसलो की आचारी दुसरी कढई चढवायचा. माझ्या जिलेब्या मोजणारे थकून मांडवातच झोपी जायचे. यात मीठमसाला आहे, पण बेताचा. पुढे साखर आणि गुडघ्यांनी संगनमत केलं, डॉक्टरांनी पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली. वजन असं उतरलं की काट्यालाच माझी काळजी वाटू लागली. गुडघे तर आता दुवा देतात.

वाढत होता तो मेहुणाच, वसंता. "दाजी, तुम्हाला नको ना? उगाच त्रास व्हायचा," तो मायेनं म्हणाला. खरंच होतं ते. मग शेजारच्या पानाशी वाकून म्हणाला, "काका, एवढी एक. माझ्या गळ्याची शपथ."

काकांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. "अरे, मारतोस का मला?" वसंतानं बोटांच्या फटीतून जिलेबी सोडलीच. सगळी पंगत हसली.

आमच्याकडे 'तू आमचा' असं तोंडानं कुणी कधी म्हटलं नाही. ते असंच, बळेबळे पानात पडायचं.

वसंता पार रांगेच्या टोकाला पोचला होता. मी हळूच दोन्ही हात माझ्या पानावर आडवे धरले आणि जरा वेळ तसाच बसून राहिलो.