पांढरी बाजू वाटेकडे

मुलुंडच्या एका भरती क्लासने गेल्या महिन्यात मला बोलायला बोलावलं. फळ्यावर विषय लिहिला होता, 'यशस्वी माणसांकडून जिद्द शिका'. भिंतीवर कोटातल्या साहेबांचे फोटो. मी मुलांना म्हटलं, ह्यातला एकही माझ्या ओळखीचा नाही. मी ज्यांच्याकडून जिद्द शिकलो ते हवालदार बबन लोखंडे. गोवंडीचे. त्यांची गोष्ट मी सात वर्षं अर्धीच सांगत आलो, कारण उरलेल्या अर्ध्यात माझी चूक आहे.

मी परब, लष्कराच्या इंजिनिअर रेजिमेंटमधला सॅपर, म्हणजे सुरुंगांचं काम करणारा जवान. घर घाटकोपरला, डोंगरावरच्या चाळीत. बाविसाव्या वर्षी ताबारेषेजवळच्या एका पोस्टवर पोस्टिंग झाली. तिथे उतारावर सुरुंगांचा पट्टा होता आणि त्याच्या कडेने आमची पायवाट. वाटेच्या कडेला रंगवलेले दगड मांडलेले, अर्धे पांढरे, अर्धे लाल. पांढरी बाजू वाटेकडे, लाल बाजू सुरुंगांकडे. रोज सकाळी दोघांनी वाट तपासायची, तारा बघायच्या, नऊ वाजता पोस्टवर रिपोर्ट द्यायचा.

लोखंडेंना आम्ही उस्ताद म्हणायचो; त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "परब, एक दगड बघून पाऊल टाकायचं नाही. तीन दगड एका रेषेत दिसले तरच चालायचं. दगडाला पाय नसतात, पण पाणी त्याला फिरवतं."

उस्ताद देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी वाढलेले. लहानपणी आईबरोबर आकडा घेऊन कचरा उपसायचे. आई म्हणायची, जोरात खुपसू नको, खाली काच असते. भरतीत तीनदा परत पाठवलं. एकदा छाती अर्धा इंच कमी भरली, एकदा धावताना पाय मुरगळला, तिसऱ्यांदा दहावीच्या मार्कशीटवरून. चौथ्यांदा घेतलं. सुरुंग शोधायची सळई, तिला आम्ही प्रॉडर म्हणतो, ती त्यांच्या हातात आकड्यासारखीच चालायची. तिरकी, हलकी. कोणी कौतुक केलं तर म्हणायचे, "माझं ट्रेनिंग सातव्या वर्षी सुरू झालंय रे."

त्या दिवशी तीन दिवसांचा पाऊस नुकताच थांबला होता. मी पुढे, उस्ताद पन्नास पावलं मागे. ८:५० झाले होते. वरून पोस्टवरच्या चहाचा वास येत होता आणि मला भूक लागली होती. वळणावर वाट वाहून गेलेली. एक दगड दिसला, पांढरी बाजू माझ्याकडे. पुढचे दोन दिसत नव्हते. मी थांबलो नाही. पांढऱ्या बाजूने दहा-बारा मीटर सरळ उतरलो.

"परब, हॉल्ट."

आवाज मोठा नव्हता. मी थांबलो. खाली बघितलं तर डाव्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीतून हिरव्या प्लास्टिकची कड वर आलेली. मी पट्ट्याच्या आत उभा होतो. दगड पाण्याने फिरला होता. जमीन खडीची, माझ्या पावलांचे ठसे कुठेच नव्हते. आल्या वाटेने परत जायचं तर ती वाटच मला ठाऊक नव्हती.

भीती कशी असते ते त्या दिवशी कळलं. आईला हाक मारावीशी वाटली. थोड्या वेळाने पँट ओली झाली. हे मी मुलांसमोर सांगितलं तेव्हा एकही जण हसला नाही.

मागून उस्ताद रेडिओवर पोस्टवरच्या कॅप्टन साहेबांशी बोलताना ऐकू आले.

"अल्फा फॉर चार्ली. एक जवान माइनफील्डमध्ये. जखमी नाही. मी आत जातोय. ओव्हर."

"चार्ली फॉर अल्फा. दुसरी टीम येईपर्यंत थांबा. ओव्हर."

"टीमला पाच तास लागतील, साहेब. पोरगा तेवढा उभा राहायचा नाही. ओव्हर."

मग, "जा. ओव्हर."

९:१० ला ते पोटावर झोपले आणि प्रॉडर टोचायला लागले. वीतभर जमीन तपासायची, तपासलेल्या जागेची खूण म्हणून टेप पुढे सरकवायची, पुढची वीत. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. मी म्हटलं, "उस्ताद, माझ्याच्यानं नाही होत. मी उडी मारतो."

"मार की. मग मी वेचतो तुला. कचरा वेचायची सवय आहे मला."

"उस्ताद, खरंच सांगतोय."

"मीपण खरंच सांगतोय. बारा मीटर बघू नको. ही वीत बघ. झाली? आता ही. घाटकोपरला कुठे राहतोस तू?"

"डोंगरावर."

"पाणी भरायला किती पायऱ्या?"

"एकशे दहा."

"दोन हंडे घेऊन चढायचास ना? मग उभा राहा. इथे तर हंडेपण नाहीत."

त्यांना वाटेत दोन सुरुंग लागले. दोन्हींना वळसा घालून, खुणा लावून ते पुढे आले. कोपरं सोलली होती. ११:५० ला त्यांचा हात माझ्या कमरेच्या पट्ट्याला लागला. "आता माझ्या पावलात पाऊल," एवढंच बोलले. बाहेर आल्यावर मी मटकन खाली बसलो आणि रडलो. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली.

मग ते त्या दगडाकडे बघत राहिले.

"हा उलटा राहिला तर उद्या दुसरा कोणी उतरेल."

"उस्ताद, राहू द्या. टीम करेल."

रेडिओवर कॅप्टन साहेबांनीही तेच सांगितलं. "दोघे वर या. बाकीचं टीम बघेल. ओव्हर."

"पाच मिनिटं, साहेब. ओव्हर."

दगडापर्यंतची जमीन त्यांनी तशीच वीत वीत तपासली. दगड फिरवला, हलवून बघितला, खाली लहान धोंडे ठोकून पक्का बसवला. उठून मागे वळताना पायाखालची खडी सरकली आणि त्यांचा उजवा पाय टेपच्या बाहेर, सुरुंगावर पडला आणि तो फुटला. १२:१० झाले होते. मी त्यांच्याच टेपवरून रांगत गेलो आणि त्यांना ओढून आणलं. मांडीला पट्टा आवळला. ढग उतरल्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. १:०५ ला ते गेले.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आलो की पावसाने सुरुंग वाहून वाटेवर आले होते. दगडाचं आणि चहाच्या वासाचं कोणाला बोललो नाही. नोकरी सोडून आलो, आज मुलुंडला एका इमारतीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. फुटपाथवरचा पेव्हर ब्लॉक पायाखाली हलला तरी मी जागीच थिजतो. मागून लोक शिव्या घालत पुढे जातात.

क्लासमध्ये पहिल्यांदा सगळं बोललो. एका मुलीने विचारलं, "सर, त्यांच्या घरी माहितीये?" मी नाही म्हटलं. मग तिथून रिक्षाने थेट गोवंडीला गेलो. शोभा वहिनी, उस्तादांच्या पत्नी, दारात तांदूळ निवडत होत्या. दरवर्षी जातो मी, मिठाईचा पुडा ठेवतो, चहा घेतो, निघतो. त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"वहिनी, सुरुंग वाहून आला नव्हता. दगड फिरला होता. मी एकच दगड बघून उतरलो. उस्तादांनी सांगितलं होतं, तरी उतरलो. ते माझ्यामुळे गेले."

वहिनींचा हात सुपात थांबला. मला वाटलं, आता हाकलतील, आणि हाकलायलाच हवं.

"तो दगड," त्यांनी विचारलं, "सरळ झाला होता का?"

"हो. पक्का बसवला होता. मी तिथे होतो तोवर वाटेवर परत कोणाला काही झालं नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. "हातातलं काम अर्धं टाकून ते कधी उठलेच नाहीत बघा," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला सरकवून त्यांनी मला बसायला जागा केली.

हवालदार बबन लोखंडे. बारा मीटर, दोन तास चाळीस मिनिटं. त्यानंतर एक दगड.