अण्णांचे गुडघे

निर्गुडीचं तेल कोमट करून माझ्या गुडघ्यांना चोळायला घेतलं, की त्या उग्र वासासरशी मी पालमच्या आमच्या स्मशानात जाऊन उभी राहते.

आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून बसवून पुरतात. आजा, पणजा, सगळे तिथल्या काळ्या मातीत तसेच बसलेले. त्या दिवशी माझ्या वडिलांना, अण्णांना, खड्ड्यात उतरवलं. कपाळावर विभूती, तळहातावर लिंग, भोवती बेलाची पानं. विभूतीच्या वासातूनही त्यांच्या गुडघ्यांच्या तेलाचा वास येत होता. आईच रोज चोळून द्यायची. कित्येक वर्षांत त्यांना मांडी घालता आली नव्हती.

काका माती लोटणार, तोच आई पुढं झाली. "आवं, सकाळधरनं तसंच बसवलंय त्यांला. गुडघे लय दुखायले असतील. जरा पाय लांब करू द्या की."

मंत्र म्हणणारे स्वामी थांबले. मग काकांनी मान फिरवली आणि माती लोटली.

तेव्हा वाटलं होतं, आईचं भान सुटलंय. आता तेल चोळून झालं की मी पाय लांब करते. अण्णा अजून तसेच बसलेत.