आईच्या हातचं बिरडं

टीव्हीवरच्या स्वयंपाकघरात कधी कुणाला ठसका लागलेला पाहिलाय? मी तरी नाही पाहिला. मिरचीची फोडणी पडते आणि बाई आपली हसतच असते. कांदा आधीच चिरलेला, खोबरं आधीच खवलेलं, सगळं काचेच्या वाट्यांमध्ये मांडलेलं. त्या ढीगभर वाट्या नंतर कोण घासतं ते काही दाखवत नाहीत. मग निवेदिका येते, चमच्याच्या टोकावर एवढंसं घेते, डोळे मिटते आणि म्हणते, "अप्रतिम!" अगं बाई, आधी गीळ तरी! इतकी वर्षं बघतोय, पण मीठ जरा जास्त झालंय हो काकू, असं एकीच्याही तोंडून ऐकलं नाही.

आणि ते "चवीनुसार मीठ". ज्याला स्वयंपाक येतो त्याला हे सांगायला लागत नाही आणि ज्याला येत नाही त्याला सांगून उपयोग नाही. मग सांगता कशाला?

पण माझा खरा राग वाट्यांवर नाही आणि मिठावरही नाही. मला स्वयंपाक येतो, चांगला येतो, आणि तो मला आईने शिकवला. तिने चार लोकांत एकदा, फक्त एकदा म्हणावं की हे माझ्या मुलाने केलंय, एवढीच माझी इच्छा होती. ती इच्छा एका अशाच कार्यक्रमात, दिव्यांच्या झगमगाटात मातीत गेली. म्हणून हा राग.

आमचं घर डोंबिवलीत, दोन खोल्यांचं. बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत, आई घरी साड्यांना फॉल-पिको करायची. शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत, दाराशी, उजेडाला. ताई कॉलेजात आणि माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरात आम्ही दोघंच. गणपती-दिवाळीच्या आधी साड्यांचे ढीग पडायचे आणि आईला मशीनवरून उठायला फुरसत नसायची. म्हणून मग ती मशीनवरून बोलायची आणि मी आत ओट्यापाशी तसं तसं करायचो. मी सातवीत असेन.

ती मला बघत नव्हती, नुसती ऐकत होती आणि वास घेत होती. मशीनच्या खडखडाटातून तिचा आवाज यायचा, "मोहरी तडतडली नाही अजून, हिंग टाकायची घाई करू नकोस!" मी आत थक्क. "खोबरं लागतंय बघ खाली, झाऱ्याने उलट!" ओट्यापाशी उभं राहून मला कळायचं नाही ते तिला बाहेर बसून कळायचं. वरण, भात, कोशिंबीर, आमटी, पुढे भाकरी. भाकरीला मात्र ती उठून यायची, माझे दोन्ही हात धरून परातीत फिरवायची आणि म्हणायची, "पिठाला मारू नकोस रे, थोपट." पहिल्या भाकऱ्यांचे नकाशेच झाले. ते तिनेच खाल्ले, मला चांगली दिली.

एक मात्र होतं. मी ओट्यापाशी असलो की गॅलरीकडची खिडकी बंद. आमच्या बिल्डिंगीत दारं दिवसभर उघडी, कोणीही कधीही डोकवायचं. कुणाची चाहूल लागली की आई मशीनवरून "ए" म्हणायची. त्या "ए"ला मी हातातला डाव सोडायचा, हात पुसायचे आणि कॉटवर पुस्तक घेऊन बसायचं. आई आत येऊन डाव हातात घ्यायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगं बाई, शिवण पण आणि स्वयंपाक पण? दमत नाहीस का गं?" आणि आई डावाने ढवळत म्हणायची, "करणार काय, करावंच लागतं." मला तो खेळ वाटायचा. आम्हा दोघांचं काहीतरी गुपित आहे म्हणून मी उलट खूशच असायचो.

दुपारी टीव्हीवर पाककृतींचा कार्यक्रम लागायचा. आई हातशिलाई घेऊन बसायची, मी शेजारी. कधी कधी त्यात पांढरा कोट घातलेला पुरुष असायचा. आई सुई थांबवून बघायची. "काय हात आहे बघ! पुरुष मनावर घेतो ना, तेव्हा बायका पाणी भरतात त्याच्यापुढे." ती असं म्हणाली की माझे कान गरम व्हायचे. वाटायचं, ही माझ्याबद्दलच बोलतेय. आता विचार केला की वाटतं, काय गाढव होतो मी!

ताईचं लग्न ठरण्याची गोष्ट सांगितली नाही तर हे पुरं होणार नाही. मी बारावीला होतो. ठाण्याहून, खोपटहून, मंडळी तिला बघायला आली. कांदेपोहे अर्थातच मी केले. पोहे भिजवून चाळणीत निथळत ठेवले, मीठ-साखर आधीच पोह्यांना चोळली, वाफ काढली आणि वर खोबरं-कोथिंबीर. ताईने साडी सावरत ट्रे उचलला, मला डोळा मारला आणि बाहेर गेली. मी पडद्यामागे. मुलाच्या मामांनी दुसऱ्यांदा पोहे मागितले. "मुलीच्या हाताला चव आहे हो," ते म्हणाले. आई म्हणाली, "सगळं तीच करते. आमच्या चिरंजीवांना तर पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं!" बाहेर हशा पिकला.

लागलं मला. पण ताईच्या लग्नाचा प्रश्न होता, आणि बघण्याच्या कार्यक्रमात कोण खरं बोलतं? गिळून टाकलं. लग्नानंतर ताईचा सासरहून दबक्या आवाजात फोन आला, "अरे, पोह्यांवर पाणी किती मारायचं? लवकर सांग, सासूबाई देवाला बसल्यात!" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

हॉटेल मॅनेजमेंटला जातो म्हणालो तेव्हा मात्र हसू आलं नाही. आई मशीन थांबवून म्हणाली, "आचारी होणारेस? लग्नाच्या हॉलमागे कढया ढवळत बसणारेस?" मी म्हटलं, "अगं, टीव्हीवरचा तो तुला आवडतो ना?" ती म्हणाली, "तो टीव्हीवरचा आहे. तू माझा आहेस." बी.कॉम. केलं, नोकरी धरली आणि अजून तीच करतोय.

आता आम्ही ठाण्यात, कोलशेतला राहतो. बाबा गेले. बायको बँकेत, सकाळी लवकर निघते आणि संध्याकाळी उशिरा येते. माझं ऑफिस जवळ आहे, म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडे. बायकोला त्याचं कौतुकही आहे आणि अभिमानही, ती ऑफिसात डबा उघडून सांगते, "नवऱ्याने केलंय." आईचे गुडघे गेले आणि ती ओट्यापाशी उभी राहायची थांबली, त्याला कित्येक वर्षं झाली. पण सोसायटीतली कोणी बाई आली की अजूनही तिचा तो "ए" येतो. माझे केस पिकले तरी येतो! आता मी डाव सोडत नाही, एवढाच फरक.

मागच्या वर्षी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. एका वाहिनीला पारंपरिक पदार्थ करणाऱ्या आया हव्या होत्या. बायकोने हौसेने आईचं नाव दिलं, आणि निवड झाली. पदार्थ ठरला वालाचं बिरडं. बिरडं आईनेच मला शिकवलेलं, पण पुढे मी माझा हात त्याला लावत गेलो. गूळ कमी केला, आमसुलं उशिरा घातली, जिरं भाजून घेतलं. एकदा ती स्वतःच म्हणाली होती, "माझ्यापेक्षा तुझं चांगलं होतं रे." ते वाक्य मी जपून ठेवलेलं.

आठवडाभर आमची तालीम चालली. ती खुर्चीवर, मी ओट्यापाशी, पण या वेळी सांगत होतो मी. आई विसरत होती. आमसूल आधी की गूळ आधी, यात गोंधळत होती. मी म्हणायचो, "झाकणात पाणी ठेव, वाफेवर शिजू दे, सारखं ढवळू नकोस, डाळिंब्या मोडतील." तिनेच मला शिकवलेलं सगळं तिला परत सांगत होतो. वाल मीच भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, कोमट पाण्यात टाकून एकेक डाळिंबी सोलली. आणि सोलता सोलता विचारून घेतलं, "आई, तिथे सांगशील ना? मी करतो म्हणून?"

ती म्हणाली, "सांगेन की! न सांगायला काय झालं?"

मी रजा टाकली. रेकॉर्डिंगला घरून केलेलं बिरडं डब्यात भरून न्यायचं होतं, कारण त्यांच्याकडे पदार्थ शिजेपर्यंत थांबायला वेळ नसतो. "हे आपण आधीच करून ठेवलंय" म्हणतात ना, ते हे. म्हणजे कॅमेऱ्यासमोर आईने फोडणी घालायची आणि निवेदिकेने माझ्या डब्यातलं खायचं. आई नव्या साडीत होती, गजरा माळला होता. तिला इतकी छान दिसताना मी खूप दिवसांनी पाहिलं. मी कॅमेऱ्यामागे खुर्चीत बसलो होतो. कॉलेजच्या निकालाचीही मी एवढी वाट बघितली नव्हती.

निवेदिकेने चमचाभर घेतलं, डोळे मिटले. "अहाहा, काकू! आईच्या हातची चव ती हीच!" मग विचारलं, "एवढं सोलायचं, निवडायचं, घरी मदतीला कोण असतं?"

आईने माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. मी खुर्चीत पुढे सरकलो.

"माझी लेक," आई म्हणाली. "तिला सगळं शिकवलंय मी. सासरी नाव काढलंय तिने."

"आणि मुलगा?"

"तो? त्याला गॅस कुठून पेटतो तेही ठाऊक नाही!"

सगळा स्टुडिओ हसला. कॅमेरावाला हसला, दिवे धरणारे हसले. निवेदिका म्हणाली, "घरोघरी हेच, काकू!" डबा माझ्या मांडीवर होता, अजून कोमट. ऐन दुपारी, भरल्या माणसांत, मला रडू येईल असं वाटलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं ते मला त्या खुर्चीत कळलं.

घरी येताना रिक्षा घोडबंदर रोडला लागली. मग राहवेना. "कबूल केलं होतंस तू."

"अरे, ऐन वेळी जीभच वळली नाही."

"ताईचं नाव घ्यायला बरी वळली!"

"लोक काय म्हणाले असते? बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणाले असते तुला."

"म्हणू देत की! पन्नाशी आली माझी. आता कोण बघायला येणारेय मला?"

ती एकदम माझ्याकडे फिरून म्हणाली, "आणि मला काय म्हणाले असते? हिला काही येत नाही, पोराने केलेलं घेऊन आलीय, असंच ना? जन्मभर रांधलं मी. कुणी एकदा तरी चांगलं म्हणालं का रे? आज म्हणाले. तेवढंही तुला बघवेना?"

तिचं खरं होतं. आणि माझंही खरं होतं. पण जन्मभर म्हणतेस त्यातली निम्मी वर्षं कोण उभं होतं ओट्यापाशी? हे ओठांवर आलेलं मी गिळलं. चोर तो चोर, वर शिरजोर, हेही आलं. तेही गिळलं. सख्ख्या आईला असं म्हणता येत नाही, एवढं तिनेच शिकवलंय.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो नाही. कपडे बदलले आणि सोफ्यावर पेपर घेऊन बसलो, अगदी बाबा बसायचे तसा. बायकोचा उशीर होईल म्हणून निरोप आला होता. आई थोडा वेळ तिच्या खोलीच्या दारात उभी राहिली. "जेवायचं काय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बघ तूच."

ती बघेल असं मला वाटलं नव्हतं. पण ती भिंतीला धरत धरत आत गेली. नवी साडी तशीच होती, गजरा सुकत आलेला. एक ड्रॉवर उघडला, मिटला. दुसरा उघडला, मिटला. वरच्या कपाटाचं दार वाजलं. डब्यांची झाकणं एकेक निघत होती आणि परत लागत होती. मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. मी पेपर धरून होतो, वाचत नव्हतो.

मग ती दारापर्यंत आली. पूर्वी शेजारीण आली की जसं बोलायची, तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "तांदूळ कुठल्या डब्यात ठेवतोस रे?"

मी ऐकलं. उत्तर दिलं नाही. शोधू दे, म्हटलं. स्वयंपाकघर तिचंच आहे, साऱ्या महाराष्ट्राला सांगून आलीय ती.